ईस्टर जागरण आणि पास्काकाळ

प्रिय धर्मग्रामस्थहो,

शनिवार, ४ एप्रिल २०२६ रोजी रात्री १०.३० वाजता चर्चच्या अंगणात नव्या अग्नीच्या आशीर्वादाने ईस्टर जागरण सुरू होईल. दिवे बंद असतील. पास्काच्या (म्हणजे ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीची ज्योत हातोहाती पुढे जाईल आणि अंधारलेलं मंदिर हळूहळू उजळेल. मुलांना नक्की आणा, मांडीवर झोपली तरी चालेल.

- प्रत्येकाने मेणबत्ती आणावी.
- बाप्तिस्म्याच्या वचनांचं नूतनीकरण होईल. आशीर्वादित पाण्यासाठी बाटली आणा.
- रविवारची मिस्सा (प्रार्थनाविधी) सकाळी ७.३० वाजता.
- आजाऱ्यांना घरी कम्युनियन (पवित्र भाकरीचा प्रसाद) हवं असल्यास बुधवारपर्यंत कळवा.

आपण चाळीस दिवस उपवास पाळतो, मग सण एकाच दिवसात का आटोपावा? २४ मे, पेंटेकॉस्ट म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत पन्नास दिवस ईस्टरच आहे; हाच पास्काकाळ. १२ एप्रिलच्या दैवी दयेच्या रविवारीही सहकुटुंब या.