मिस्त्रीकाका, तुमचे जाहीर आभार

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे. माझ्या जुन्या गाडीची काच आता एका हातानं, जोर न लावता वर जाते. ती जड झाली तेव्हा जो तो 'काच वर-खाली करणारं मशीनच बदला' म्हणत होता. तुम्ही मात्र आधी दाराचं पॅनल उघडायला लावलंत. काच फिरवायच्या हँडलमागची, घोड्याच्या नालेच्या आकाराची क्लिप फडकं ओढून कशी सोडवायची ते दाखवलंत, आणि काच वर चिकटपट्टीनं पक्की केल्याशिवाय मला आत हात घालू दिला नाहीत.

आत मशीन धडधाकट होतं. जुनं ग्रीस सुकून घट्ट झालं होतं, त्यात धूळ रुतली होती. त्यावरच नवं ग्रीस थापलं असतं तर चार दिवस बरं वाटलं असतं, इतकंच. रॉकेल आणि ब्रश घेऊन दातेरी पट्टी, कैचीसारख्या उघडमीट होणाऱ्या दांड्यांचे जोड आणि रोलर सरकतात ती पन्हळ तुम्ही माझ्याकडून धातू दिसेपर्यंत साफ करून घेतलीत. मग पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ हात. सगळ्यात जास्त वेळ साफसफाईला गेला, आणि तो जायलाच हवा, हे मला तुमच्यामुळे पटलं.

काच ज्या फेल्टच्या, म्हणजे जाड लोकरी कापडासारख्या अस्तराच्या, खाचेतून सरकते तिथे मात्र तुम्ही ग्रीसचं बोटही लागू दिलं नाहीत. चिकट फेल्ट धूळ धरतं आणि तीच धूळ काचेवर ओरखडे काढते. तिथे कोरडा सिलिकॉन स्प्रे, तोही नळीनं नेमका आत. कारण पत्र्यावर सिलिकॉन राहिलं तर पुढे रंग देताना बारीक खड्डे पडतात. रंगकाम बाकी असलेल्यांनी हे खरंच लक्षात ठेवावं.

कुलपात तेल नको, ग्रॅफाइटची भुकटी. बिजागरीच्या पिनेवर इंजिन ऑइलचे थेंब, दार उघडमीट, आणि बाहेर आलेला काळा मळ लगेच पुसायचा. दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती बुजली की दार आतून गंजतं. तीही तुम्ही तारेनं मोकळी करून घेतलीत.

स्वतः केलं असतंत तर काम कितीतरी लवकर उरकलं असतं. तरी पाना माझ्या हातात देऊन तुम्ही शेजारी उभे राहिलात, याचे आभार सगळ्यांत जास्त. आता मागची दारं मी स्वतः उघडणार आहे. पॅनल परत बसवण्याआधी एकदा नजर टाकायला याल ना?

तुमचा,
जुन्या गाडीवाला