आईच्या पाठीमागची बॅग

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मीटिऑर मोटरसायकलवर आईला मागे बसवून दापोलीला न्यायचं ठरवलंस, ऐकून फार बरं वाटलं. मागे लावायच्या बॅगांचे तू पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. मागच्या सीटच्या बॅकरेस्टवर चढवायची खोळ असलेली काळी घे, बाकीच्या सोडून दे.

बॅकरेस्ट आईच्या कमरेसाठी आहे, हे आधी लक्षात ठेव. आंबेनळी घाटात तिला तेवढाच आधार. जाहिरातीच्या फोटोंत बॅग मागच्या सीटवर, बॅकरेस्टला टेकून ठेवलेली दिसते. एकट्याला ते उत्तम, कारण वजन दोन्ही चाकांच्या मध्ये राहतं. पण तिथे आई बसणार, म्हणजे बॅग बॅकरेस्टच्या मागेच जाणार. मागच्या आसाच्या पलीकडे वजन लोंबलं की पुढचं चाक हलकं पडतं आणि वळणावर हँडलचा भरवसा राहत नाही. म्हणून त्या बॅगेत कपडे, टॉवेल, रेनकोट, एवढंच. माझं मत विचारशील तर पाच किलोच्या वर नको. पाण्याच्या बाटल्या, पंक्चर किट, आईची औषधं पेट्रोलच्या टाकीवरच्या टँकबॅगेत जाऊ देत.

आयुष्य सीट कव्हरं शिवण्यात गेलं, त्यामुळे माझी नजर शिलाईवर जाते. खोळ बॅगेला जिथे जोडली आहे तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी टीप हवी. नुसती एक सरळ टीप असेल तर खड्ड्यांत उसवणार. बॅगेचा तळ कॅरिअरवर टेकलाच पाहिजे. अधांतरी राहिली तर सगळा भार खोळीच्या टाक्यांवर आणि बॅकरेस्टच्या बोल्टांवर येतो. तुझ्या गाडीला कॅरिअर नाही, तो आधी बसव आणि त्याच वेळी ते बोल्टही आवळून घे. बॅकरेस्टच्या गादीची रुंदी, उंची आणि जाडी टेपनं मोज. जाडी मोजायची बहुतेक जण विसरतात, मग खोळ अर्ध्यावरच अडते. बॅग आली की खोळ चढवून पाठीच्या बाजूनं तळहात दाबून फिरव. कुठे बकल किंवा जाड शिवण टोचली तर ती बॅग सरळ परत कर. चार-पाच तास ती आईच्या पाठीला लागणार आहे.

हुकवाले रबरी दोर अजिबात वापरू नकोस, ताणलेला हुक सुटला तर डोळ्यावर येतो. बकलचे नायलॉन पट्टे घे आणि उरलेली टोकं गुंडाळून खोचून टाक, चेनमध्ये किंवा चाकात जायला नकोत. साइडबॅगा सध्या नकोत. उजवीकडे तापलेला सायलेन्सर, डावीकडे साडीगार्ड. नीट स्टँड बसवल्याशिवाय त्या लावण्यात अर्थ नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मागचे शॉकअप आवळ. त्यांना कडकपणा कमीजास्त करायला सहा घरं असतात, दोघी आणि सामान म्हटल्यावर पहिल्या-दुसऱ्यावर ठेवून चालणार नाही. मागच्या टायरची हवा मॅन्युअलमध्ये डबलसीटसाठी दिली आहे तेवढी भर. मग बॅग भरून आईला बसव आणि कॉलनीत एक चक्कर मार. तिला बॅकरेस्टवरून पाय टाकता येणार नाही, फूटरेस्टवर उभं राहून पुढून टाकावा लागेल. तेवढा वेळ गाडी सरळ धरून ठेव, घाई करू नकोस. तिचं हेल्मेट मागे बॅगेला आपटत नाही ना, तेही बघ.

कॅरिअर बसला की बॅग लावून मागून एक फोटो पाठव. टेललाइट, इंडिकेटर आणि नंबरप्लेट मोकळी दिसते का ते पाहून सांगतो.

तुझे,
बाबा