मिनी ट्रॅक्टरच्या चाकांतील अंतर वाढवण्याची माहिती खरेदीच्या वेळीच द्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून मिनी ट्रॅक्टर घेतलेले शेतकरी आज आमच्या द्राक्ष पट्ट्यात गावोगावी आहेत. हा ट्रॅक्टर बहुधा बागेसाठी म्हणून विकला जात असल्याने त्याची चाके सर्वांत अरुंद अंतरावर बसवूनच तो दारात येतो, आणि मग तोच ट्रॅक्टर बांधावरून, चढाच्या रानातून, ट्रॉली लावून डांबरी रस्त्यावरूनही वर्षानुवर्षे त्याच अंतरावर चालतो. ही चाके बाहेर घेता येतात आणि ती कशी घ्यायची, हे विक्रेत्याने ट्रॅक्टर ताब्यात देतानाच दाखवावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अंतराचा फरक किती पडतो, हे साध्या हिशेबाने पाहता येईल. मागच्या चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर ८० सेंटीमीटर असेल आणि एक चाक ३० सेंटीमीटर उंचीच्या बांधावर चढले, तर ट्रॅक्टर सुमारे २२ अंशांनी कलतो. हेच अंतर १०४ सेंटीमीटर असेल, तर तोच बांध त्याला १७ अंशच कलवतो. शिवाय गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटीमीटर उंच धरल्यास पहिला ट्रॅक्टर ३४ अंशांच्या आसपास तोल सोडतो, तर दुसरा ४१ अंशांपर्यंत तग धरतो. हे कोन कागदावरचे आहेत. प्रत्यक्षात अर्धवट भरलेल्या फवारणीच्या टाकीत हिंदकळणारे पाणी आणि वळणावरचा वेग यांमुळे ट्रॅक्टर त्याच्या बराच आधी पलटी होतो. पुढचा ॲक्सल मधल्या एकाच पिनवर झुलत असल्याने पुढची चाके बाहेर घेऊन तोलात फारशी भर पडत नाही. खरा आधार मागच्या चाकांचाच असतो.

माझा अनुभव सांगतो. ट्रॅक्टर नवा असताना एकदा बांधावरून उतरताना तो एका चाकावर आला आणि केवळ पलीकडच्या द्राक्षाच्या मांडवाच्या लोखंडी अँगलला टेकल्यामुळे वाचला. विक्रेत्याला विचारले तेव्हा चाकांना हात लावल्यास वॉरंटी जाईल, एवढेच उत्तर मिळाले, आणि सोबत आलेले माहितीपुस्तक इंग्रजीत होते. शेवटी लेथवाल्याकडून चाक आणि ॲक्सल यांच्यामध्ये बसणारे दोन-दोन इंचांचे स्पेसर करून घेतले आणि लांब स्टड (चाक धरून ठेवणारे बोल्ट) टाकून चाके बाहेर घेतली. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्या चालू असताना मागून कट-कट असा आवाज येऊ लागला. खाली उतरून पाहतो तो उजव्या चाकाचे दोन स्टड तुटून पडलेले, तिसऱ्याच्या छिद्राची कडा खाल्लेली आणि नटाभोवती गंजाची तांबूस भुकटी साचलेली. चालत्या ट्रॅक्टरचे चाक निखळायला तेवढेच उरले होते. स्पेसर लावला की चाकाचा भार लांब पहारीने रेटा दिल्यासारखा स्टडवर आणि ॲक्सलच्या बेअरिंगवर येतो, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

खरे तर स्पेसरची गरजच नव्हती. चाकाची मधली तबकडी रिमच्या मध्यावर नसून एका बाजूला सरकवून बसवलेली असते. डावे चाक उजवीकडे आणि उजवे डावीकडे नेले की तबकडीची बाजू आपोआप उलटते. तबकडी मध्यापासून ६ सेंटीमीटर सरकलेली असेल, तर एकेक चाक १२ आणि दोन्ही मिळून २४ सेंटीमीटर अंतर वाढते. टायरच्या नक्षीची दिशाही या अदलाबदलीत बरोबर राहते. मागे उभे राहून पाहिल्यास नक्षीचे टोक वरच्या बाजूला दिसले पाहिजे. तेच चाक त्याच बाजूला उलटे बसवले, तर अंतर वाढते पण नक्षी उलटी फिरते आणि ओल्या रानात चाक जागीच घसरते. हवेचा वॉल्व्ह मात्र आतल्या बाजूला जातो, त्यामुळे हवा भरताना थोडी कसरत करावी लागते. अर्थात कंपनीच्या पुस्तकात जी अंतरे दिलेली आहेत, त्यांपलीकडे जाऊ नये. नट जॅक लावण्यापूर्वी सैल करावेत, ॲक्सलखाली जॅकशिवाय लाकडी ठोकळा द्यावा, पुढच्या चाकांना दगडाची ओट लावावी, नट समोरासमोरचे आवळत जावे आणि पहिल्या काही तासांच्या कामानंतर पुन्हा आवळावेत.

रुंद चाके बागेत मावणार नाहीत, ही भीती मलाही होती. नऊ फुटांच्या ओळीत दोन्ही बाजूंचे बोद (वेलींच्या बुडाशी ओढलेले मातीचे उंचवटे) आणि ठिबकच्या नळ्या सोडून माझ्याकडे साधारण दीडशे सेंटीमीटर मोकळी जागा निघाली, आणि टायरच्या रुंदीसह ट्रॅक्टर सव्वाशेच्या आसपास भरला. जुन्या, कमी अंतराच्या बागांत हे जमणार नाही, म्हणून आधी टेप धरून मोजणे आवश्यक आहे. तीन फुटी रोटाव्हेटरच्या बाहेर चाकांचे वळ उरतात, ही अडचणही खरी आहे. उलट ४५ सेंटीमीटरवर पेरलेल्या सोयाबीनमध्ये ९० सेंटीमीटरचे अंतर मिळाले, तर दोन ओळी मध्ये घेऊन चाके ओळींच्या मधोमध चालतात आणि एक रोपही दबत नाही. म्हणजे हे अंतर एकदाच ठरवून विसरण्याची गोष्ट नाही. पीक आणि रान पाहून ते बदलायचे असते.

कृषी विभागाला विनंती आहे की, अनुदानाच्या मिनी ट्रॅक्टरची मोका तपासणी (जागेवर येऊन केलेली पाहणी) होते त्याच वेळी विक्रेत्याच्या मेस्त्रीकडून चाकांची ही अदलाबदल शेतकऱ्यासमोर एकदा करून घ्यावी, आणि त्या मॉडेलची सर्वांत कमी व सर्वांत जास्त अंतरे सेंटीमीटरमध्ये लिहिलेली मराठी पट्टी मडगार्डवर चिकटवणे कंपन्यांना बंधनकारक करावे.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. निफाड, जि. नाशिक