लेसरनंतर रात्री कसे दिसते, तेही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई जवळ आली की ‘चष्म्याला कायमचा रामराम’ अशा जाहिराती आपल्याही अंकात झळकू लागतात. चार वर्षांपूर्वी अशीच एक जाहिरात कापून ठेवून मी लॅसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवणारी डोळ्यांची लेसर शस्त्रक्रिया, करून घेतले. दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे साडेसहा होता. दुसऱ्या दिवशी तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ घडाघडा वाचली आणि घरी पेढे वाटले. तो आनंद खरा होता, आजही आहे.

पण बँकेतून निघायला मला साडेसात वाजतात आणि घर कऱ्हाड-विटा रस्त्यावर आहे. पहिल्याच आठवड्यात समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे शेवंतीच्या फुलासारखे फुटलेले दिसले, चहूबाजूंनी लांबच लांब पाकळ्या. रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती कडे. कोजागरीचा चंद्र एकावर एक दोन ठेवल्यासारखा. त्यातून गळीत हंगाम सुरू झाला की मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर उभ्या असतात. एकदा त्या पाकळ्यांमागे अशी ट्रॉली होती. दोन हातांवर आल्यावर दिसली. त्यानंतर अंधार पडल्यावर मी गाडी चालवत नाही, भाऊ न्यायला येतो.

दवाखान्यात सांगितले तर पुन्हा तोच तक्ता समोर आला. “सिक्स बाय सिक्स आहे मॅडम, काही दोष नाही.” भरपूर उजेडात, पांढऱ्यावर काळी अक्षरे. माझी तक्रार अंधाराची होती.

नंतर वाचत गेले तेव्हा कारण कळले. लेसर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा साधारण सहा-साडेसहा मिलिमीटर रुंदीचा भाग घासून त्याला नवा आकार देतो. अंधारात बाहुली मोठी होते, काहींची सात-आठ मिलिमीटरपर्यंत. मग घासलेल्या भागाच्या कडेवरून आलेला प्रकाशही आत शिरतो आणि विस्कटतो. नंबर जितका मोठा तितके जास्त घासावे लागते, म्हणून पडद्याच्या आकारातला बदलही मोठा. बाहुलीच्या मापाला किती महत्त्व द्यायचे यावर डॉक्टरांत मतभेद आहेत, हे मी मान्य करते. पण माझ्याशी त्यावर कोणी चकार शब्द काढला नव्हता. फ्लॅप, म्हणजे पडद्याचा वरचा पातळ पापुद्रा, कापताना त्यातल्या बारीक नसा तुटतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात आणि नजर आणखी धूसर होते. अश्रूंसारखे थेंब अजून माझ्या पर्समध्ये असतात.

हा एकटीचा अनुभव नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिथल्या नौदलाच्या व इतर रुग्णांवर केलेला ‘प्राऊल’ हा अभ्यास २०१७ साली छापून आला. शस्त्रक्रियेआधी कडी, किरणे, दुहेरी प्रतिमा असे काहीच दिसत नव्हते, अशांपैकी ४३ ते ४६ टक्के लोकांना तीन महिन्यांनी त्यातले काहीतरी नव्याने दिसू लागले होते. बहुतेकांचे त्यामुळे काही अडले नाही, ९५ टक्क्यांहून अधिक लोक समाधानी होते आणि कित्येकांचा आधीचा त्रास गेलाही. मला त्यातली एक गोष्ट फार लागली: लोकांनी प्रश्नावलीत जे लिहिले, ते डॉक्टरांना फार कमी सांगितले. आपल्याकडेही रेल्वे सहाय्यक लोको पायलटच्या भरतीत लॅसिक केलेला उमेदवार घेत नाही. रात्री गाडी हाकणाऱ्या सामान्य माणसाला मात्र कोणी काही विचारत नाही.

मी संमतिपत्रावर सही केली होती, हे खरे. सहा पाने, सगळी इंग्रजीत, डोळ्यांत थेंब घातल्यावर हातात दिलेली. अक्षरे पुसट दिसत असताना मी ती सही केली. हे पत्रक मराठीत असावे आणि आठवडाभर आधी घरी न्यायला मिळावे. त्यात रात्रीच्या दिव्यांची चित्रे असावीत, म्हणजे कडे काय आणि किरणे काय हे माणसाला बघून कळेल. रात्री गाडी चालवता का, हे आधीच विचारावे आणि नंतरच्या तपासणीत खोलीतला दिवा एकदा तरी मालवावा. अशा जाहिराती छापताना आपणही दुष्परिणामांची एक ओळ ठळक अक्षरांत मागू शकता.

माझी भाची येत्या शनिवारी तपासणीला जाते आहे. मी तिला अडवलेले नाही. तिच्या बाहुलीचे अंधारातले माप लिहून घ्यायला मात्र मी सोबत जाणार आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, कऱ्हाड