बारा मिनिटांचा टॉक आणि विहिरीचा फोटो

ती. आई-बाबांना सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "बारा मिनिटं तर बोलायचंय, त्याला इतकं जागरण कशाला?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण माझं तुमच्याकडे एक काम आहे, आणि ते कशासाठी हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. म्हणून हे पत्र.

व्हिएन्नाच्या परिषदेत माझ्या विहिरींच्या अभ्यासावर बारा मिनिटं बोलायचं आणि मग तीन मिनिटं प्रश्न. समोर बसणारे बरेचसे वाळूच्या नाहीतर चुनखडीच्या मुलखात काम करणारे. आपला काळा खडक त्यांनी फोटोतच पाहिलेला. एवढ्या विहिरी मोजल्या, एवढे आलेख काढले, तर सगळं दाखवावंसं वाटतंच. पण मी आधी लॅपटॉप न उघडता वहीत एक वाक्य लिहिलं : बेसॉल्टमधल्या (म्हणजे आपल्या या लाव्हाच्या खडकातल्या) विहिरीला पाणी किती, हे तिच्या खोलीपेक्षा ती लाव्हाच्या कुठल्या थरांतून गेली आहे यावर ठरतं. (बाबा, हसू नका. मांजऱ्याला, म्हणजे भोकाभोकांच्या मऊ थराला, पाणी लागतं, घट्ट काळ्या पाषाणाला नाही, हे तुम्ही मी शाळेत असल्यापासून सांगताय. मी फक्त आकडे जोडले.) आता या वाक्याच्या कामी न येणारी प्रत्येक स्लाइड बाहेर. आई, तुमच्या देवळातले बुवा एकच अभंग घेतात, मधे किती गोष्टी सांगतात, पण फिरून त्याच चरणावर येतात ना? तसंच.

स्लाइडचं एवढं काय, असं बाबांना वाटतं. बाबा, कल्पना चावला गेली तो दिवस आठवतो? १ फेब्रुवारी २००३, शनिवार. संध्याकाळी टीव्हीवर तिच्या कोलंबिया यानाचे तुकडे आकाशातून जळत येताना दाखवत होते. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. यान वर फिरत असतानाच इंजिनिअरांनी हिशेब करून अधिकाऱ्यांना स्लाइड दाखवल्या. त्यांतल्या एका स्लाइडचा मथळा काळजी मिटवणारा होता. आणि तळाशी, मुद्द्याच्या पोटात मुद्दा घालत गेल्यावर, बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा तुकडा १९२० घन इंचांचा, आणि चाचणीत वापरलेला ३ घन इंचांचा. सहाशे पटींहून मोठा! ज्या चाचणीच्या भरवशावर मथळा उभा होता, ती इथे लागूच पडत नव्हती. चौकशी मंडळाने त्याच वर्षी आपल्या अहवालात ती स्लाइड छापली. सात माणसं एका स्लाइडपायी गेली असं कुणी म्हणणार नाही, त्यामागे बरंच काही होतं. पण जे मथळ्यात हवं होतं ते तळाला गेलं, हे खरंच.

हे वाचल्यापासून मी कुठल्याच स्लाइडला 'निष्कर्ष' किंवा 'माहिती' असा मथळा देत नाही. पूर्ण वाक्य लिहिते : 'सारख्याच खोलीच्या दोन विहिरींपैकी एक जानेवारीत आटली, दुसरीला मे महिन्यातही पाणी होतं.' खाली एकच आलेख. मुद्द्यांची जंत्री टाकली की लोक ती वाचत बसतात, आणि वाचणाऱ्याला आपलं बोलणं ऐकू येत नाही.

त्या आलेखावरच सगळ्यात जास्त वेळ गेला. प्रबंधातल्या आकृतीत एकोणीस विहिरींच्या रेघा होत्या, नुसता गुंता. आता दोनच ठेवल्या. आधी मी सांगणार की आडवे महिने आहेत, उभी जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली, आणि रेघ खाली गेली म्हणजे पाणी उतरलं. मग क्षणभर गप्प राहणार. ही गप्प राहायची जागा मला अजून जमत नाही, जीभ आपली पुढेच धावते. रेघा आधी लाल आणि हिरव्या होत्या, त्या निळी आणि नारिंगी केल्या. युरोपात साधारण बारा पुरुषांमागे एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. रेघांची नावंही रेघांच्या शेजारीच लिहिली, कोपऱ्यात खुणांचा तक्ता नको.

बाकी किरकोळ. प्रत्येक स्लाइडला नंबर, म्हणजे कुणाला "सातवी परत दाखवा" म्हणता येतं. शेवटी 'धन्यवाद'ची स्लाइड नाही. त्या जागी माझं ते वाक्य आणि दोन रेघा, प्रश्न चालू असेपर्यंत तेच समोर राहील. पेन ड्राइव्हवर पीडीएफ. आणि तालीम उभं राहून, मोठ्याने. मनातल्या मनात केलेली तालीम नेहमी वेळेत बसते, तिच्यावर माझा विश्वास नाही.

आता काम. पहिल्या स्लाइडवर मला आपल्या मळ्यातली विहीर हवी आहे. आता पाणी उतरलं असेल, म्हणजे वरची माती, मुरूम, मांजऱ्या, तो लाल गेरूचा पट्टा आणि खालचा पाषाण सगळं उघडं दिसेल. दुपारी ऊन बाजूवर आलं की दादाला फोटो काढू दे. बाबा, तुम्ही कठड्यावरून वाकायचं नाही. आई, तू लक्ष ठेव. शेजारी मोजपट्टी सोडा, नाहीतर पट्टा किती जाड हे त्या लोकांना कळायचं नाही. फोटो व्हॉट्सॲपवर नुसता पाठवला तर बारीक होतो, दादाला म्हणावं डॉक्युमेंट म्हणून पाठव.

आणि रविवारी चहा झाल्यावर व्हिडिओ कॉल लावते. सगळा टॉक मराठीत बोलून दाखवेन. बाबा, घड्याळ तुमच्याकडे. बारा मिनिटं झाली की मधेच तोडा, भीड नको. मग आई, तू मला एका वाक्यात सांगायचंस मी काय म्हटलं ते. तुझं वाक्य वेगळं निघालं तर सोमवारी मी परत कात्री घेऊन बसेन.

बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, या आठवड्यातच आणा.

तुमची,
मनू