जे. पी. नाईक यांनी खेडे पाहिले नव्हते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिक्षक दिनाच्या अंकातील आपला मुख्य लेख काल वाचला आणि रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही. खेड्यातली शाळा कधी न पाहिलेल्या लोकांनी दिल्लीत बसून कोठारी आयोगाचा, म्हणजे देशाच्या शिक्षणासाठी सरकारने नेमलेल्या आयोगाचा, आराखडा तयार केला, अशा अर्थाचे जे वाक्य त्यात आहे, ते इतर कोणत्या जिल्ह्यात खपून गेले असते. आपण मात्र ते कोल्हापूरच्या आवृत्तीत छापले आहे. आयोगाचे अध्यक्ष डॉ. दौलतसिंह कोठारी असले, तरी १९६४ ते १९६६ या काळात सदस्य-सचिव म्हणून त्या कामाचा भार ज्यांनी वाहिला ते जे. पी. नाईक आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे. त्यांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ चा, म्हणजे ज्या दिवशी आपण हा लेख छापला तो त्यांचा जन्मदिवस होता.

मूळचे विठ्ठल घोटगे असलेल्या या माणसाने १९३० च्या चळवळीत तुरुंगवास भोगला आणि सुटून आल्यावर शहराकडे न जाता धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या खेड्यात राहून शिकवण्याचे आणि ग्रामसुधारणेचे काम केले. पुढे व्ही. टी. पाटील यांच्या साथीने त्यांनी गारगोटीला मौनी विद्यापीठ ही ग्रामीण शिक्षणसंस्था उभी केली. माझी अध्यापक पदविका गारगोटीतच झाली. बालवाडीपासून शिक्षकांच्या प्रशिक्षणापर्यंत सारे एका आवारात का आणले, हे तिथे वावरताना न सांगता कळत असे. दिल्लीत शिक्षण सल्लागार झाल्यावरही त्यांनी मानधनापोटी नाममात्र एक रुपया घेतला. अशा माणसाला खेडे ठाऊक नव्हते, असे लिहिण्यापूर्वी लेखकाने कोणाला तरी विचारायला हवे होते.

हे मला इतके का लागले, ते सांगतो. आयोगाच्या अहवालात शाळा संकुलाची कल्पना आहे: एका माध्यमिक शाळेभोवतीच्या लहान शाळांनी एकमेकींना धरून राहावे, शिक्षकांनी एकत्र बसावे, वाडीवरचा शिक्षक एकटा पडू नये. प्रशासन आणि शैक्षणिक मार्गदर्शन ही दोन कामे वेगळी ठेवावीत, असाही त्या अहवालाचा आग्रह आहे. केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या प्राथमिक शाळांवर देखरेख ठेवणारा म्हणून, मी नऊ वर्षे काम केले आणि प्रत्येक शाळाभेटीला हे मनात ठेवून गेलो.

एकदा एका द्विशिक्षकी शाळेत गेलो होतो. एक गुरुजी प्रशिक्षणाला गेलेले, दुसरे चारही वर्ग एका खोलीत घेऊन बसलेले. तिसरीतली एक मुलगी ३२ मधून १५ वजा करत होती; तीन गठ्ठ्यांपैकी एक सोडून तिने दहा काड्या जवळच्या दोन सुट्ट्या काड्यांत मिसळल्या होत्या आणि ‘आता बारा झाल्या’ असे ती मोठ्याने म्हणाली, तेवढ्यात गुरुजींचा फोन वाजला. वृक्षलागवडीची माहिती बारा वाजायच्या आत पाठवायची होती. शाळेत रेंज नसल्याने गुरुजी टेकडीवर गेले. ते परत आले तेव्हा मुलीने काड्या पुन्हा रबरात बांधून ठेवल्या होत्या आणि त्या गठ्ठ्यात अकरा काड्या होत्या. ज्या क्षणी तिला वजाबाकी उमगत होती, तो क्षण माहितीने खाल्ला.

मी शेरेबुकात जे घडले ते लिहिले. आठवडाभरात कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस आली, ती गुरुजींना नव्हे, मला. खुलाशात मी कोठारी आयोगाच्या अहवालाचा आधार दिला, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्यांनी विचारले, ‘हे कोठारी कोण?’ मी म्हटले, ‘साहेब, त्यांचे सचिव आपल्याच जिल्ह्यातले होते.’ त्यांनी खुलासा अमान्य असा शेरा मारला. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. निवृत्तीला पाच वर्षे झाली, तरी त्या शेऱ्याचा राग गेलेला नाही.

म्हणून सांगतो, दोष सल्लागाराच्या खेडे न पाहण्यात नाही. त्याने पाहिले, लिहून ठेवले, आणि आपण ते बासनात गुंडाळून ठेवले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के रक्कम शिक्षणावर खर्च करावी ही त्याच आयोगाची शिफारस. तिच्यावर लेखात एक ओळही नाही, पण १०+२+३ या शाळा-महाविद्यालयाच्या वर्षांच्या रचनेवर मात्र पूर्ण रकाना आहे.

जाता जाता आणखी एक. मागच्या वर्षी आपल्याकडे नाईकांवर चार ओळींची चौकट आली होती आणि तीत बहिरेवाडी पन्हाळा तालुक्यात दाखवली होती. त्या नावाचे गाव तिकडेही आहे, पण नाईकांचे गाव आजऱ्याचे. मी त्याच दिवशी दुरुस्ती लिहून पाठवली, टपालाने आणि ईमेलनेही. ती छापली नाही, उत्तरही आले नाही. या वेळी हे पत्र छापता आले नाही, तरी निदान त्या दोन चुकांची दुरुस्ती पहिल्या पानावर द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख, भुदरगड तालुका