काडी बदलता येते, नळी नाही

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

गेल्या दिवाळीचे उरलेले बाण टाकून देऊ नकोस, आलो की चिकटपट्टी लावून नीट करतो, असं तू फोनवर म्हणालास. म्हणून खोकं माळ्यावरून काढून बघितलं. बारापैकी सहांच्या काड्या मोडल्यात, दोघांच्या नळ्या चेपल्यात, एकाची वात उपटून निघालीय आणि कोपऱ्यातल्या एकाला ओल लागून तो फुगलाय. दोन मात्र अगदी शाबूत आहेत. दुरुस्त करायचे ते फक्त काडी मोडलेले सहा. बाकीच्या चौघांना चिकटपट्टी काय, काहीच लावायचं नाही.

कारण नीट समजून घे. नळीत दारू ठासून घट्ट बसवलेली असते. ती थराथराने जळते, म्हणून वायू नळीच्या खालच्या मातीच्या तोंडातून बेताने बाहेर पडतो आणि बाण वर जातो. नळी चेपली की आतल्या दारूला तडा जातो. ज्योत त्या फटीत शिरली की एका क्षणात कितीतरी जास्त दारू पेटते, तेवढा वायू त्या बारक्या तोंडातून निघत नाही आणि नळी फुटते. तेही जमिनीवरच, तू जवळ असताना. बाहेरून चिकटपट्टीचे दहा वेढे दिलेस तरी आतला तडा तसाच राहतो. ओल लागलेल्याचंही तेच. दारू फुगते, वाळताना आकसते, भेगा पडतात, कागदापासून सुटते. उन्हात ठेवून वरून कोरडा दिसेल, आतून दुरुस्त होणार नाही. आणि वात तुटलेल्याला सुतळी किंवा दुसऱ्या फटाक्याची वात जोडायची नाही. ती किती वेळात जळेल याचा भरवसा नाही, शिवाय ती आत बसवायला तोंड टोकरावं लागतं. ते तर मुळीच नको.

आता काडीचं. काडी म्हणजे बाणाचं शेपूट. बाण जरा तिरका झाला की मागच्या लांब काडीला हवा आडवी लागते आणि बाणाचा शेंडा पुन्हा रेषेत येतो. जुन्या मैसूरच्या, टिपू सुलतानाच्या लढाईतल्या बाणांना नळी लोखंडाची होती, पण मागे बांबू लागायचाच. काडी आखूड झाली की बाण कोलांट्या खातो. जड झाली तर रडतखडत वर जातो आणि लवकर वाकतो. म्हणून अंदाजाने काही करायचं नाही, शाबूत बाण समोर ठेवून त्याची नक्कल करायची.

शाबूत बाण सुरीच्या बोथट पाठीवर आडवा तोलून बघ. तो जिथे समतोल राहील तिथे काडीवर पेन्सिलीने खूण कर. आपल्या बाणाचा हा बिंदू नळीच्या तोंडाच्या जरासा मागे, काडीवरच येतो. काडी किती लांब आणि किती जाड आहे तेही मोजून घे. साधारण 50 सेंटिमीटर लांब आणि 4 मिलिमीटर जाड बांबूची काडी पाच-सहा ग्रॅम भरते. तेवढीच सरळ, गाठ नसलेली कामटी घे आणि तासून गुळगुळीत कर. खराट्याचा हीर चालत नाही, तो लवतो. मोडकी काडी सांधायच्या भानगडीत पडू नकोस, सांधा हलतो आणि बाण भिरभिरतो.

जुन्या काडीचा नळीला चिकटलेला तुकडा उपटू नकोस, सोबत कागद फाटून येतो. नळीखाली आलेला भाग कापून टाक, वरचा तसाच राहू दे आणि नवी कामटी त्याला लागून बसव. फेविकॉलची बारीक रेघ, वर शिवणाच्या दोऱ्याचे दोन बंद, एक नळीच्या वरच्या भागात आणि एक तोंडाच्या जरा वर. तोंड आणि वात मोकळी राहिली पाहिजे. तार, खिळा, स्टेपलर नको आणि गरम गोंदाची बंदूक तर घरात असली तरी या कामाला काढायची नाही. गॅस आणि देवघरापासून लांब बसायचं. लांबून एका डोळ्याने बघ, काडी नळीला समांतर हवी. जराशी तिरकी बसली तरी बाण पिळा घालत जातो. रात्रभर सावलीत वाळू दे. मग पुन्हा सुरीवर तोल. बिंदू खुणेच्या मागे गेला तर कामटी थोडी तास. पुढे आला तर ती हलकी आहे, दुसरी घे.

उडवताना बाटली नको. ती कलंडते आणि काच फुटते. बादलीत वाळू भरून प्लॅस्टिकचा पाइप उभा रोव, काडी त्यात सैल सरकली पाहिजे. पाइप माणसांपासून जरासा पलीकडे कलता ठेव. बघणारे 25 मीटर लांब. बाण जोरात असताना वारा येतो तिकडे शेंडा वळवतो, आणि जळून संपलेल्या बाणाची काडी मात्र वाऱ्याबरोबर खाली येते. दोन्ही बाजूंना वैरणीची गंजी नसलेलं मोकळं रान बघ. भणाण वारा असेल तर त्या दिवशी राहू दे.

वातीला लांब उदबत्ती लाव, हात ताणून आणि बाणावर न वाकता. फुलबाजीने पेटवू नकोस, तिच्या ठिणग्या वातीवर कधी पडतील ते कळत नाही. अंगात सुती कपडे, डोळ्यांना चष्मा, जवळ पाण्याची बादली. एका वेळी एकच. नाही उडाला तर अर्धा तास त्याच्याकडे जायचं नाही, नंतर लांबून पाणी ओतून भिजवायचा. दुसऱ्यांदा पेटवायचा नाही. सुप्रीम कोर्टाच्या 2018 च्या आदेशात दिवाळीला रात्री 8 ते 10 हीच वेळ दिलीय, तेवढ्यातच आवरू. पोलिसांची यंदाची सूचना काय आहे तेही बघून ठेवू.

तिकडून नवे फटाके घेऊन रेल्वेने येऊ नकोस. गुन्हा आहे तो, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बाद झालेले चार मी आजच बादलीत बुडवलेत, नळ्यांचा लगदा होईपर्यंत तसेच राहतील. कामट्या आणून ठेवल्यात, तासायच्या तू. दोऱ्याचं रीळ शिवणाच्या डब्यात आहे, पांढरं घे, काळं मला लागतं.

तुझी,
आई